डिस्क भंगारात काढण्याआधी

महोदय,

सांगलीतल्या शाळा-वाचनालयांतील लिनक्स संगणकांची डिस्क अडखळली की ती थेट बदलली जाते, हे थांबायला हवे. आधी बॅकअप घ्या. मग डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने तपासा: १९९ क्रमांकाचा, म्हणजे डेटा ने-आण करतानाच्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्क जोडणाऱ्या साटा केबलचा (जुना आकडा पुसला जात नाही, वाढ तेवढी पाहावी), १९७, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा, वाढला तर डिस्कचाच. दोन्ही स्थिर, तरी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत टाइमआउट, म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर न दिल्याच्या खुणा, दिसतात? मग एनसीक्यू, म्हणजे आदेशांची रांग, बंद करून पाहा. वेग घटेल, पण त्रुटी थांबल्या तर संशय ड्रायव्हरवर (डिस्कशी बोलणाऱ्या कर्नलच्या भागावर) किंवा फर्मवेअरवर (डिस्कमधल्याच प्रणालीवर). नव्या कर्नलनंतरच बिघाड सुरू झाला असेल तर बदलांची यादी दर वेळी निम्मी करत शोधणाऱ्या ‘गिट बायसेक्ट’ने कर्नलच्या हजार बदलांतला दोषी बदल सुमारे १० चाचण्यांत सापडतो. चाचणी मात्र कोऱ्या डिस्कवरच करा.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली