कळलावी ओळखून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

आत्याच्या बागेतली ती कुंडी मी जवळजवळ उपडी करून टाकली होती. तुम्हाला तेव्हा सांगायची लाज वाटली, आज सांगते. थंडीत वेल वाळली, सुतळीसारखा देठ ओढला तर अलगद हातात आला. म्हटलं, संपलं. आत्याची म्हणून एवढी एकच गोष्ट माझ्या वाट्याला आलेली, आणि तिचं नावही तिला विचारायचं राहून गेलेलं.

तुम्ही म्हणालात, "माती उकर, कंद टणक लागतो का बघ." लागला! नांगराच्या फाळासारखा वाकडा, दोन बोटांचा. पाणी बंद करून थांबायला सांगितलंत, आणि उन्हाळा सरता सरता कोंब वर आला.

मग माझी घाई सुरू झाली. मोबाइलवरच्या ॲपने तीन फोटोंना तीन नावं दिली. त्यातलं एक मी पाटीवर लिहायला निघाले, तर तुम्ही अडवलंत. "नाव राहू दे. पानाचं टोक बघ." रोज पाणी घालूनही मी ते पाहिलं नव्हतं: पान शेवटी निमुळतं होत चक्क तणावा झालेलं, आणि त्यानेच काठीला वेढा घातलेला. तरीही तुम्ही फूल येईपर्यंत नाव सांगितलं नाहीत. (राग आला होता, खरंच.)

फूल आलं ते मान खाली घालून. सहाही पाकळ्या मात्र वर उलटलेल्या, कडा कुरळ्या, आधी पिवळ्या, मग लालभडक. स्त्रीकेसर काटकोनात बाजूला वळलेला. तेव्हा म्हणालात, "कळलावी."

लिनियसने १७५३ साली तिला ग्लोरिओसा सुपर्बा असं दिमाखदार नाव दिलं, आपण मात्र कळलावी म्हणतो. आत्याला ओळखणाऱ्यांना हे कळलावी नावच जास्त पटेल.

पण खरे आभार त्यानंतरच्या वाक्यासाठी. सगळ्या झाडात कोल्चिसीन हे विष असतं, कंदात तर फारच, म्हणालात. माझी भाची तेव्हा त्याच कुंडीत माती खेळायची. कुंडी आता उंचावर, कठड्याच्या आत आहे, आणि मातीत हात घालताना मी हातमोजे घालते.

यंदा कंद वाढलाय. त्याच्या टोकाचा डोळा मोडला तर तो तुकडा फुटत नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. म्हणून तुमच्या वाट्याचा कंद भुशात, डोळा वर ठेवून, वेगळा काढलाय. न्यायला या.

तुमची,
आत्याची भाची