वयाचे आठ टप्पे आणि अभ्यासिकेतली वर्षे

महोदय,

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी मांडलेल्या मनोसामाजिक विकासाच्या आठ टप्प्यांचा तक्ता हल्ली पालकसभांपासून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत सगळीकडे दिसतो. एका रकान्यात वय, दुसऱ्यात ‘विश्वास विरुद्ध अविश्वास’, ‘पुढाकार विरुद्ध अपराधभाव’ अशा जोड्या. तो वाचून पालकांचा समज होतो, की ठरलेल्या वयात जोडीतला पहिला शब्द कमवायचा, नाहीतर मूल नापास. १९५० साली हे टप्पे मांडणाऱ्या एरिक्सन यांना दोन्ही बाजू हव्याच होत्या, फक्त पहिलीचे पारडे जड असावे एवढेच. अनोळखी माणसाने हात पुढे केले की बाळ आईला बिलगते. तेवढा अविश्वास त्याच्या कामाचा असतो. वयेही ढोबळ आहेत. एका टप्प्यावर कच्चे राहिलेले पुढे पुन्हा समोर येते आणि तेव्हा भरूनही काढता येते.

घाईचे परिणाम सर्वांत आधी दिसतात ते दुसऱ्या टप्प्यात. प्लेग्रुपला घालायचे म्हणून शी-शू सांगण्याची सवय लावायची धांदल उडते. मूल दोनेक तास कोरडे राहते, ओले झाले की सांगते, चड्डी स्वतः खाली ओढू पाहते, ही तयारीची लक्षणे. बहुतेक मुलांत ती दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कधीतरी दिसतात. त्याआधी जबरदस्तीने बसवले, रागावले, तर मूल शी धरून ठेवते. मग ती कडक होते, करताना दुखते आणि दुखते म्हणून ते आणखी धरून ठेवते. स्वायत्तता विरुद्ध लाज आणि संशय ही जोडी इथे थेट पोटात उतरते. जेवणानंतर पाच मिनिटे बसवावे, पाय टेकायला पाट द्यावा आणि कपडे खराब झाले तर काही न बोलता बदलावेत. रात्री गादी ओली होण्याची काळजी पाच वर्षांपर्यंत करू नये.

शाळेच्या वयातला प्रश्न ‘मला जमते’ या अनुभवाचा. अप्पा बळवंत चौकातून सामान आणून घरच्यांनी रात्री जागून चिकटवलेल्या प्रकल्पाला गुण मिळतात, मुलाला तो अनुभव मिळत नाही. वाकडातिकडा का होईना, त्याने केलेलाच तक्ता शाळेत जावा.

पुण्यात सर्वांत जास्त नुकसान होते आहे ते पाचव्या टप्प्याच्या गैरसमजातून. स्वतःची ओळख घडण्याच्या या काळात समाजाने तरुणांना थोडी मुदत द्यावी, असे एरिक्सन सांगत. कायमच्या जबाबदाऱ्या पुढे ढकलून वेगवेगळी कामे, विचार आणि माणसे पारखून पाहण्याची ही मुदत. ते स्वतः शाळा संपल्यावर चित्रे काढत युरोपात भटकले आणि १९२७ मध्ये, पंचविशीत, व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत शिकवायला लागले.

सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांची वर्षे वरवर अशीच मुदत भासतात. पण त्यात पारखून पाहायला काही उरलेलेच नसते. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये ओळखीची स्थिती तपासायला दोन कसोट्या लावल्या: शोध घेतला का, आणि बांधिलकी पत्करली का. शोध न घेता पत्करलेली बांधिलकी म्हणजे उसनी ओळख. ‘पोरगा अधिकारी होणार’ हे पुष्कळदा बारावीनंतरच घराने आणि गावाने ठरवलेले असते. कॉट बेसिसवरची, म्हणजे एका खाटेपुरती भाड्याने घेतलेली खोली, मेस आणि अभ्यासिका एवढ्याच जगात पूर्वपरीक्षा एक-दोन गुणांनी हुकते आणि ‘आणखी एक अटेम्प्ट’ सुरू होतो. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. त्यामुळे थांबायला बाहेरून कोणी सांगत नाही.

तोवर सहावा टप्पा, जवळिकीचा, दारात येऊन थांबलेला असतो. लग्न ‘पोस्ट निघाल्यावर’, आणि खोलीतला मित्र त्याच जागेचा दावेदार. तिकडे गावी आई-वडील सातव्या टप्प्यात, पुढच्या पिढीसाठी काही उभे करण्याच्या वयात. त्यांनी सगळे याच निकालावर लावलेले. पिढ्यांची आयुष्ये दातेरी चाकांसारखी एकमेकांत अडकलेली असतात. एक चाक अडले की दुसरे फिरत नाही. म्हणून केवळ मुलाला समजावून भागत नाही.

काही गोष्टी तरीही हातात आहेत. किती अटेम्प्ट आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे पहिल्या परीक्षेआधीच घरच्यांसह कागदावर लिहावे. निकालानंतर ठरवायला गेले की आशा आकडा वाढवते. आठवड्यातून काही तास तरी पगाराचे काम करावे. शिकवणी घ्यावी, हिशेब लिहावेत, काहीही चालेल, कारण दुसऱ्या भूमिकेत आपण कसे असतो हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. केवळ कागदावरचा ‘प्लॅन बी’ वेळ आल्यावर उपयोगी पडत नाही. घरच्यांनी फोनवर अभ्यास सोडून दुसरेही काही विचारावे. सलग दोन आठवडे झोप, भूक उडाली, कशातच मन लागेना, तर तो आळस समजू नये. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. प्रत्येक अभ्यासिकेने हा क्रमांक दारावर लावावा.

आपल्याकडेही एक मागणे आहे. निकाल लागला की आपण यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती छापता. त्याच पानावर तयारी थांबवून दुसऱ्या कामात स्थिरावलेल्यांच्याही छापाव्यात: कितव्या अटेम्प्टनंतर थांबले, घरी कसे सांगितले, मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल नोकरीच्या मुलाखतीत काय उत्तर दिले, पहिला पगार किती होता. अभ्यासिकेत बसलेल्याला ही माहिती विचारायला कोणी सापडत नाही.

आपले,
मानसशास्त्राचे काही अध्यापक व समुपदेशक, पुणे