गुरुजींच्या छायाचित्रग्रंथासाठी आवाहन

सस्नेह नमस्कार.

येत्या आवणीला, म्हणजे भातलावणीला, गुरुजींना जाऊन वर्ष होईल. राजूरपासून घाटघरपर्यंत ‘फोटोवाले गुरुजी’ एवढे म्हटले की पुढे नाव सांगावे लागत नाही, त्यामुळे त्यांची ओळख करून देण्यासाठी हे पत्रक लिहिलेले नाही. त्यांनी तीस वर्षे टिपलेला आपला मुलूख ग्रंथरूपाने छापायचा, असे त्यांच्या दशक्रियेच्या दिवशी प्रवरेच्या काठावरच ठरले होते. ते काम आता अशा टप्प्यावर अडले आहे की जूनचा पाऊस सुरू होण्याआधी मदत मिळाली नाही, तर छापण्याजोगे फारसे काही उरणार नाही.

गुरुजींचे बहुतेक काम फिल्मवरचे आहे आणि त्यातही पारदर्शिका (स्लाइड) अधिक आहेत. आपल्याकडच्या दमट हवेत फिल्मला बुरशी लागते, म्हणून त्यांनी घरातल्या लाकडी कपाटाच्या तळाशी चाळीस वॅटचा दिवा बसवून घेतला होता, आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तो रात्रंदिवस जळत असे. गेल्या पावसाळ्यात ते गेले, घर बंद झाले, आणि कपाटातला दिवा लावायचे कोणाच्याच ध्यानात आले नाही. आमच्या मंडळाच्याही नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. दिवाळीनंतर कपाट उघडले तेव्हा वरच्या दोन खणांतल्या पारदर्शिकांवर कोळिष्टकासारखी पांढरी जाळी पसरली होती. संगमनेरच्या एका जुन्या स्टुडिओचालकांनी एक पैसाही न घेता सलग सतरा दिवस बसून त्या जमेल तेवढ्या स्वच्छ करून दिल्या. त्यांच्या हाताला त्या वयातही कंप नव्हता, आणि आम्ही आभार मानू लागलो तेव्हा, गुरुजींनी आपल्याकडून पहिला रोल उधारीवर नेला होता, एवढेच सांगून ते चहालाही थांबले नाहीत.

त्या पारदर्शिकांत काय आहे, हे ज्यांनी शाळेच्या भिंतीवर पांढरे धोतर ताणून केलेले आपले कार्यक्रम पाहिले, त्यांना आठवत असेल. रतनगडाच्या नेढ्यातून, म्हणजे कातळातल्या आरपार भोकातून, दिसणारे भंडारदऱ्याचे पाणी, अलंग-मदन-कुलंगच्या माथ्यांवर अडकलेले ढग, भर दुपारी सांदण दरीत तळापर्यंत उतरणारी उन्हाची एकच पट्टी, सप्टेंबरात सोनकीने पिवळी झालेली पठारे, रंधा धबधबा आणि त्याच प्रवरेचे उन्हाळ्यातले उघडे कातळ, हे सारे त्यांत आहे. गुरुजी कॅमेऱ्यावर इरले धरून पावसात तासन्‌तास उभे राहत. कोकणकड्यावरच्या इंद्रवज्रासाठी ते अकरा पावसाळे पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढले. सकाळी सूर्य पाठीशी हवा, पुढे दरीत धुके भरलेले हवे आणि वारा पडलेला हवा, तेव्हा कुठे त्या धुक्यावर सप्तरंगी वर्तुळ उमटते आणि त्याच्या मधोमध पाहणाऱ्याची सावली पडते. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनी या गडावरच्या अशा वर्तुळाची नोंद केली, हे आपण अभिमानाने सांगतो. गुरुजींच्या फिल्मवर ते एकदाच आले, आणि ती पारदर्शिका बुरशीतून वाचली आहे.

कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, हे शाळेतली मुले पाठ म्हणतात. बारी गावातून तीच कळसूबाई नागलीच्या वावरामागे कशी दिसते, हे गुरुजींनी दाखवले. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ स्थळे जागतिक वारसा ठरली आणि महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली व राधानगरी यांची निवड झाली. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासूनचे असूनही त्या यादीत नव्हते. ती बातमी आली त्या संध्याकाळी गुरुजींनी कार्यालयात येऊन सांगितले की आपण आपला डोंगर नीट मांडून दाखवला पाहिजे. या ग्रंथाचा विचार तेव्हापासूनचा आहे.

त्यानंतर, गुरुजी हयात असताना, मंडळाने एकदा आवाहन केले होते. पाचशे पत्रके वाटली आणि उत्तरे नऊ आली. त्याच सुमारास एका कार्यालयाने त्यांची चार छायाचित्रे मोठ्या फलकांवर लावली, पण खाली त्यांचे नाव घातले नाही. गुरुजी त्यावर कधी बोलले नाहीत. परवा कपाटात ती नऊ पत्रे एका पिशवीत जपून ठेवलेली सापडली, तेव्हा कार्यकारिणीतल्या कोणालाच काही बोलवेना. त्यांच्या हातात हा ग्रंथ देता आला असता, ही खंत आम्हाला आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही.

त्या नऊ जणांचे ऋण मात्र आम्ही विसरलेलो नाही. हिरड्याच्या विक्रीतून पाचशे एक रुपये काढून देणाऱ्या सामरदच्या आजी त्यांत होत्या. ठाण्यात रिक्षा चालवणारे आपले एक भूमिपुत्र होते, जे तेव्हापासून दर वर्षी यात्रेला आले की न सांगता पाकीट ठेवून जातात. आणि गुरुजींच्या पहिल्या तुकडीतल्या एक विद्यार्थिनी होत्या, ज्या आज स्वतः शिक्षिका आहेत आणि ज्यांनी आपला एक महिन्याचा पगार दिला. मंडळाचा स्लाइड प्रोजेक्टर, त्यावर वाड्यापाड्यांत झालेले कार्यक्रम आणि अकोले येथील प्रदर्शन हे सर्व अशाच माणसांच्या बळावर उभे राहिले.

पैशांइतकीच दुसरी एक मदत हवी आहे, आणि ती आपल्याशिवाय कोणी करू शकणार नाही. गुरुजींनी पाकिटांवर महिना, साल आणि हवा लिहिली आहे, जागा लिहिलेली नाही, कारण त्यांना ती सांगावी लागत नसे. निवडलेल्या १४० छायाचित्रांपैकी ५३ चित्रांतली जागा आम्हाला ओळखता आलेली नाही. मागच्या महिन्यात पाचनईच्या दोन वडीलधाऱ्यांनी तासाभरात आठ चित्रे ओळखली आणि कुठल्याही नकाशावर नसलेली एका नाळेची (डोंगरातल्या अरुंद घळीची) व दोन कातळांची नावे सांगितली. प्रत्येक चित्राखाली तिथल्या माणसांच्या तोंडी असलेलेच नाव छापायचे, असे मंडळाने ठरवले आहे. म्हणून गुरांमागे हे डोंगर फिरलेल्यांनी, हिरडा गोळा करणाऱ्यांनी, गडांवर वाटाड्याचे काम करणाऱ्यांनी आणि गुरुजींची तिपाई खांद्यावर वाहिलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकदा येऊन चित्रे पाहावीत, ही कळकळीची विनंती आहे. सांगणाऱ्याचे व त्याच्या गावाचे नाव ग्रंथात येईल.

ग्रंथ १६० पानांचा, आर्ट पेपरवर, पुठ्ठा बांधणीचा असून प्रती १००० काढायच्या आहेत. स्कॅनिंग, छपाई व बांधणी मिळून खर्च ६,८०,००० रुपये असून २,३५,००० जमले आहेत, म्हणजे ४,४५,००० कमी आहेत, आणि त्यांपैकी स्कॅनिंगचे ७०,००० मे अखेरपर्यंत लागतील, बाकी रक्कम ऑगस्टपर्यंत चालेल. देणगी मंडळाच्या नावे धनादेशाने किंवा खात्यावर द्यावी (खाते क्रमांक पावतीपुस्तकावर व कार्यालयाच्या फलकावर आहे) आणि पावती अवश्य घ्यावी. १००० रुपये व त्यावरील देणगीदारांना एक प्रत मिळेल. कार्यालय दर रविवारी सकाळी १० ते १ उघडे असते आणि चित्रे त्याच वेळी पाहता येतील. ज्यांना येणे जमणार नाही अशा वृद्धांकडे छापील नमुने घेऊन आम्ही येऊ, फक्त निरोप द्यावा. गुरुजींकडून पारदर्शिका, निगेटिव्ह किंवा मोठ्या प्रती नेलेल्यांनी त्या स्कॅनिंगपुरत्या तरी मे महिन्याच्या आत आणून द्याव्यात, काम झाल्यावर त्या परत मिळतील. कपाट कुटुंबीयांनी मंडळाकडे सोपवले असून ते कार्यालयातच ठेवले आहे. त्यातला दिवा चालू आहे.

आपला नम्र,
चिटणीस
(कार्यकारी मंडळाकरिता)