पंचा, फणी आणि सात किलोंची पिशवी

ती. स्व. काका,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगायला गेले असते तर दुसऱ्या वाक्यालाच "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून तुम्ही विषय बदलला असतात. म्हणून चारचौघांदेखत लिहितेय. आता निमूट वाचा.

मे महिन्यात आम्ही तिघं मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातल्या ला पाझहून निघणार होतो. मैत्रिणीची २२ फुटी शिडाची होडी, कॅलिफोर्नियाचं आखात आणि एस्पिरितू सांतो बेटाच्या आडोशाने पाच दिवस. आदल्या आठवड्यात मी सॅन दिएगोला तुमच्याकडे चाकांची बॅग घेऊन आले. तुम्ही ती उघडलीही नाहीत. नुसती चाकं बघितलीत आणि विचारलंत, "ही होडीत कुठे चालवणार?"

मग सतरंजीवर सगळं ओतलं. वजन काट्यावर सोळा किलो भरलं. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सासरी चाललीये की काय पोरगी?" तासाभराने सात किलो उरलं, तेही तुमच्या जुन्या कापडी पिशवीत. का, ते होडीवर पहिल्याच संध्याकाळी समजलं. बाकाखालच्या त्या तिरक्या, निमुळत्या खणात कडक बॅग शिरतच नाही. मऊ पिशवी मात्र मांजरासारखी कोपऱ्यात दडपून बसते.

जाकिटावरून आपलं भांडण झालं होतं, आठवतंय? बाहा म्हणजे वाळवंट, तिथे मे महिन्यात जाकीट कशाला, असं माझं म्हणणं. तुम्ही तेव्हा कोरोमुएल वाऱ्याचं सांगितलंत. पॅसिफिककडची गार हवा ला पाझजवळच्या सखल भागातून रात्री आखाताकडे सुटते. "आपल्या मतलईसारखाच, पण माज जास्त." जहाजावर आयुष्य काढूनही तुमचे वारे रत्नागिरीचेच, हे मला फार आवडतं.

दुसऱ्या रात्री आम्ही शेजारच्या इस्ला पार्तिदा बेटाच्या एन्सेनादा ग्रांदे खाडीत नांगर टाकला. पाणी काचेसारखं, वर तांबूस कडे, सगळं चित्रातलं. जेवणं झाली आणि पश्चिमेकडून तो आला. त्या बाजूच्या खाड्या नेमक्या तिकडेच उघड्या, त्यामुळे होडी पहाटेपर्यंत पाळण्यासारखी हलत होती. पाळणा म्हणजे रागावलेल्या आईने हलवलेला. मला जाकीट अंधारात, दिवा न लावता सापडलं, कारण "रात्रीचं सामान वर, दिवसाचं तळाशी" म्हणत तुम्ही पिशवी दोनदा भरायला लावली होती. बाकीचे दोघं डोक्याला विजेरी बांधून आपापल्या पिशव्या उपसत होते.

एक चोरी कबूल करते. तुम्ही काढून ठेवलेली जीन्स मी गुपचूप परत कोंबली होती. पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंत भिजली ती पाच दिवस ओलीच. ऊन डोळे दिपवणारं, तरी वाळेना! मिठाचं पाणी मुरलेलं कापड रात्रीची दमट हवा शोषून घेतं, हे तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नव्हतं. शिवाय दव. वाळवंटात दव पडतं आणि पहाटे डेक पाऊस पडून गेल्यासारखा ओला असतो, हे बघितल्याशिवाय पटत नाही. मैत्रिणीच्या जाड टॉवेलला तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. तुमचा पंचा मात्र समुद्रात अंघोळ, वर तांब्याभर गोडं पाणी, मग दोरीवर अर्धा तास, की कडकडीत. शेवटी तो तिघांत फिरला. दुपारी भिजवून मानेवर, संध्याकाळी खाजणाकडून बारीक चावऱ्या माश्या आल्या की पायांवर.

पाण्याचा तुमचा हिशेब, माणशी रोज चार लिटर, तो अगदी बरोबर निघाला. बेटावर भरून घेण्याजोगं पाणी नाहीच. बंद बोटांच्या जुन्या बुटांचंही तसंच. उथळ वाळूत शेपटीत काटा असलेले पाकट मासे दडलेले असतात, म्हणून पाय उचलून नव्हे तर घासत चालायचं. आम्ही तिघं रांगेने पाय घासत किनाऱ्याला लागायचो, म्हाताऱ्यांची दिंडी निघाल्यासारखे.

आता फणी. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात तुम्ही स्वतः सरकवलेली ती जाड दातांची प्लास्टिकची फणी आणि चिमटा. मला वाटलं काकूंची चुकून आली. चौथ्या दिवशी कड्यावर चढताना माझी पोटरी चोया नावाच्या निवडुंगाला लागली. लागली म्हणजे चाटून गेली, तेवढंच. लिंबाएवढा गोळाच झाडावरून तुटून पोटरीला चिकटला. त्याच्या काट्यांना उलटे बारीक आकडे असतात. मी हाताने काढायला गेले तर बोटांतही रुतले. डोळ्यांत पाणी आलं, आणि तेव्हा एकदम डोक्यात उजेड पडला. मैत्रिणीने फणीचे दात गोळा आणि कातडी यांच्या मधे घातले आणि एक झटका दिला. गोळा दहा फुटांवर. उरलेले सोळा काटे चिमट्याने निघाले. मोजले, कारण मोजताना कळ कमी वाटते. तुम्ही आधी चोयाची गोष्ट सांगून मला घाबरवलं नाहीत, त्याचे वेगळे आभार.

दुर्बिणीच्या बाबतीत मात्र तुम्ही चुकलात. ती काढायला लावायला नको होती. परतीच्या सकाळी लांबवर मोबुला पाकटांचा थवा पाण्याबाहेर उड्या मारत होता. पाण्यावर पडतानाचा आवाज थेट भाकऱ्या थापल्यासारखा, पण दिसत होते नुसते काळे ठिपके. पुढच्या वेळी सव्वासात किलो होणार, आत्ताच सांगून ठेवते.

काकूंना सांगा, मेतकुटाची बरणी दुसऱ्याच दिवशी संपली. पिशवी आणि पंचा गोड्या पाण्यात दोनदा धुऊन ठेवलेत, रविवारी आणून देते. फणी मात्र ठेवून घेतेय. तसेही तिचे दोन दात गेलेत.

तुमची,
जीन्सवाली