घसारा

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा आईनं फोनवर विचारलं, "आता तू हिशेब करत नाहीस, तर दिवसभर करतेस तरी काय?" मी हसून विषय बदलला, कारण उत्तर तयार नव्हतं. आज रविवार आहे, निवांत लिहिते.

लेखापालाचं काम किती सुखाचं होतं, हे मला आता कळतंय. जमा-नावे जुळले की दिवस संपला. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाक्यांची बेरीज, जुळली नाही, तर फरकाला 9 नं भाग जातो का बघायचं. गेला, तर बहुधा कुठेतरी 54 चे 45 झालेत. (बाबा, ही युक्ती तुमचीच.) पुढे विद्यापीठाची वित्त अधिकारी झाले, तरी माणसं माझ्यापर्यंत लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं एखादं खातं, होऊनच यायची. "तरतूद नाही" एवढं लिहून फाईल परत पाठवली, की सुटले. आता कुलगुरूच्या खुर्चीतून तेच वाक्य समोरच्याच्या तोंडावर बोलावं लागतं.

पहिल्याच महिन्यात विद्यार्थी ताळेबंद घेऊन आले. एवढ्या ठेवी असताना फी का वाढवता? मी समजावलं. पदकासाठी आलेल्या देणगीची मूळ रक्कम मोडता येत नाही, फक्त व्याज वापरायचं, तेही पदकालाच. संशोधन प्रकल्पाचा पैसा त्या प्रकल्पाचा. म्हणजे ठेवी दिसतात मोठ्या, पण त्यातल्या बऱ्याचशांना आपल्याला हात लावता येत नाही. मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या प्रयोगशाळेचं छप्पर गळतं, ते कोणत्या शीर्षाखाली येतं?"

ती इमारत मला 11 वर्षं कागदावर पाठ होती. आयुष्य 60 वर्षं धरलेलं, म्हणून दरवर्षी किमतीचा साठावा भाग घसारा म्हणून खर्ची टाकायचा. माझी ती नोंद कधी चुकली नाही. पण घसारा हा पुस्तकातला खर्च. ती नोंद केली म्हणून दुरुस्तीला पैसा साठत नाही, तो मुद्दाम बाजूला काढावा लागतो. आणि मी तर उलटंच केलं होतं. अंदाजपत्रक जुळेना, की पहिली कात्री दुरुस्ती-देखभालीला. छप्पर काही मोर्चा काढत नाही! वर वित्त समितीत माझं कौतुकही व्हायचं.

त्या मुलीबरोबर जाऊन पाहिलं. जमिनीवर तीन बादल्या, सूक्ष्मदर्शकांवर प्लॅस्टिकचे कागद. छतातून माझीच काटकसर ठिबकत होती.

व्यवस्थापन परिषदेत सांगितलं, की ही कपात माझीच होती. आता दरवर्षी घसाऱ्याइतकी नाही, पण काही रक्कम खरोखरच वेगळ्या खात्यात जाते. त्यासाठी नवं सभागृह पुढे ढकललं, म्हणून बरेच जण नाराज आहेत. साहजिकच आहे, कोनशिला नव्या इमारतीला बसवतात, दुरुस्त छपराला कोण बसवणार?

बाबा, तो इटालियन गणिती पाचोली आठवतो? 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या त्याच्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंदीवर, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे असा दोन्हीकडे लिहिण्यावर, एक भाग आहे. व्यापाऱ्याला तो तीन वह्या ठेवायला सांगतो: टिपणवही, तारीखवार रोजकीर्द आणि खातेवार खतावणी. टिपणवहीत जे जसं घडेल तसं उतरवायचं, अगदी घरातल्या कुणीही. मी आयुष्यभर खतावणी वाचत आले. आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच, की आता मी दिवसभर टिपणवही भरते. कुणाच्या शिष्यवृत्तीची फाईल कुठे अडली, कोणता प्राध्यापक सहा महिने कुणाशी बोललेला नाही, कुठे बादली ठेवली आहे. यातलं निम्मं कधीच खतावणीत येणार नाही, आणि माझ्यातल्या लेखापालाला ते अजूनही खुपतं.

आता मुद्द्याचं. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन "पुढच्या वर्षी बघू" असं तुम्ही तिसऱ्यांदा म्हणालात. आई सांगते, तुम्हाला 3 आणि 8 मधला फरक कळेनासा झालाय आणि तरी तुम्ही भिंग घेऊन वही लिहिता. तिथे 9 नं भागून काही सापडायचं नाही.

बुधवारी सकाळची वेळ घेतली आहे. मी मंगळवारी रात्री पोहोचते. आई, जुने तपासणीचे कागद तूच काढून ठेव. त्यांच्यावर सोपवलंस, तर ते सापडणार नाहीत.

तुमची लेक