गिटार चुंई करते म्हणून लगेच तारा बदलू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत नवीन गिटार शिकणाऱ्यांसाठी लेख आला होता, छान होता, पण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची डाव्या हाताची पकड, बदलताना तारा चुंई-चुंई करतात त्याचं काय, तर एका ओळीत उरकलंय, कोटिंगवाल्या महाग तारा घ्या. झालं. आमच्या घरात त्या ओळीवरून दोन दिवस वाद. कारण माझ्या पुतणीला क्लासमध्ये सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं की तुझी गिटार उंदरासारखी ओरडते, पोरीने आठ दिवस गिटार बॅगेतून काढली नाही, आणि भाऊ तुमचा लेख वाचून लगेच ऑर्डर द्यायला बसला. मी पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवलीय, गणपती, लग्नं, गॅदरिंग सगळं, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

हा आवाज येतो कुठून ते आधी बघा. सहा तारांपैकी बारीक दोन तारा साध्या असतात, त्या बिचाऱ्या काही बोलत नाहीत. जाड चार तारांवर मात्र आत स्टील आणि वरून ब्रॉन्झची बारीक तार गुंडाळलेली असते, स्प्रिंगसारखी. त्यावरून बोट घासत नेलं की दप्तराची चेन ओढल्यासारखं होतं, हळू ओढली तर खर्रर्र आणि झटकन ओढली तर चुंई. म्हणजे जेवढी घाई तेवढा आवाज चढा. नायलॉनच्या क्लासिकल गिटारवर गुंडाळलेल्या तारा तीनच, पण तिथेही तेच.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि ही मी स्वतः कित्येक वर्षं केलीय, बोट अर्धवट उचलायचं. दाब काढला पण बोट तारेला टेकलेलंच, आणि तसंच सरकवत एफ कॉर्डवरून जी कॉर्डला. हलकं टेकलेलं बोटच सगळ्यात जास्त ओरडतं! दाब सोडा, बोट सरळ वर उचला, अगदी एक-दोन मिलिमीटर पुरे, आणि मग हात हलवा. कुठलं तरी बोट टेकवून न्यायचंच असेल तर ते बारीक तारेवरचं ठेवा. आणि घरी एक करून बघा, उजवा हात मांडीवर ठेवायचा आणि नुसत्या डाव्या हाताने कॉर्ड बदलत राहायचं, ताल धरायला ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवून. आता जे काही ऐकू येईल ते सगळं डाव्या हाताचं, लपायला जागाच नाही. पुतणीला हे चार दिवस करायला लावलं, निम्मा आवाज गेला, तारा त्याच.

बोटांना पडलेले घट्टे कोरडे नि खरखरीत झाले तरी चुंई वाढते, आंघोळीनंतर बारीक पॉलिश पेपरने हलकेच गुळगुळीत करायचे, घट्टा काढून टाकायचा नाही हां. आणि कोणीतरी सांगतं खोबरेल लावा. सतारवाले तेलात भिजवलेला कापूस डबीत ठेवतात हे खरं, पण त्यांची बाजाची म्हणजे मुख्य वाजवायची तार साधी असते, गिटारच्या जाड तारांच्या खाचांत तेल आणि मळ बसला की तार दोन आठवड्यांत मेल्यासारखी वाजते.

कोटिंगच्या तारांनी फरक पडतो, नाही म्हणत नाही. पातळ थर असतो, बोट सरकतं आणि आमच्यासारख्या घामट हवेत तारा टिकतातही जास्त. चपट्या गुंडाळणीच्या फ्लॅटवाउंड तर जवळजवळ गप्पच, पण त्यांचा आवाज दबका, जॅझवाल्यांना चालतो, आपल्याला कॉर्डची खणखण हवी असते. पण दहा महिने शिकलेल्या मुलीला साध्या सेटच्या दुप्पट-तिप्पट पैशांच्या तारा कशाला, हात तोच राहणार ना.

आणि रील बनवणाऱ्यांनी मोबाईल डाव्या हातासमोर उभा करून मग चुंई येते म्हणून रडू नये. फोन ब्रिजच्या, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीच्या, बाजूला सरकवा.

तसं बघितलं तर थोडी चुंई असली तरी कोणाचं काही जात नाही. १९९१ साली कीबोर्डसाठी जनरल मिडी म्हणून आवाजांचं स्टँडर्ड ठरलं, त्यात १२१ नंबरला मुद्दाम 'गिटार फ्रेट नॉइज', म्हणजे हीच चुंई, ठेवलाय, पुढे पक्ष्यांची चिवचिव, टेलिफोन, हेलिकॉप्टर. आम्ही ऑर्केस्ट्रात असताना आमचा कीबोर्डवाला मी चुकलो की मुद्दाम १२१ दाबायचा!

पुढच्या लेखात जमलं तर तारा कधी बदलायच्या ते लिहा. आमच्या गल्लीत निम्म्या पोरांच्या गिटारवर दुकानातून आल्या त्याच तारा आहेत, दोन पावसाळे झाले, गंजून खरखरीत झाल्यात, आणि त्यांना मात्र कोणी सांगत नाही की बाबा या बदल.

आपला,
एक जुना गिटारवाला, कोल्हापूर