मिगेल जगला असता तर

मा. संपादक,
युरोपीय इतिहासातील जर-तरच्या चर्चेत लढायांचाच विचार होतो, वारसाहक्काचे पाळण्यातच लागलेले निकाल मात्र दुर्लक्षित राहतात. पोर्तुगालचा राजा मानुएल आणि कॅस्टिलची राजकन्या इसाबेला यांचा मुलगा मिगेल १४९८ मध्ये जन्मला (आई बाळंतपणातच गेली) आणि पोर्तुगाल, कॅस्टिल व अरागॉन (ही दोन मिळून पुढे स्पेन झाले) या तिन्ही राज्यांचा वारस ठरला. पण १५०० मध्ये, दोन वर्षांचाही न होता, तो वारला. तो जगता, तर स्पेनचा वारसा त्याची मावशी हुआना आणि तिच्यामार्फत हॅब्सबर्ग घराण्यातील तिच्या मुलाकडे, पाचव्या चार्ल्सकडे, गेलाच नसता. मग हॅब्सबर्गांच्या ताब्यातील नेदरलँड्सचे बंड मोडण्यासाठी कॅस्टिलचा पैसा कशाला खर्ची पडता? तिन्ही राज्ये एकजीव झाली असती, असे मात्र मला वाटत नाही. प्रत्येकाचे कायदे आणि प्रतिनिधिसभा वेगळ्याच होत्या.

– एक वाचक